एकोणीस वर्षं उभी असलेली पद्मिनी: आधी इंजिन की आधी ब्रेक?

बडोदेकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या बडोद्यातल्या कारेलीबागेतल्या टेनामेंटच्या मागे, पत्र्याखाली, सासऱ्यांची म्हणजे नानांची १९७९ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्याकडे बनलेली फियाट मोटार, उभी आहे. २००६च्या दिवाळीनंतर ती हललेली नाही. तेव्हा नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मग गुडघे, मग मुलांच्या दहावी-बारावी, आणि मोटारीचं ‘पुढच्या महिन्यात बघू’ होत राहिलं. नाना आता ८४ वर्षांचे आहेत. गेल्या आठवड्यात भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. नाना त्याच्यासमोर काही बोलले नाहीत. संध्याकाळी कपाटातून किल्ली काढली, रुमालाने पुसली आणि माझ्या हातात दिली.

मला मोटारीतलं फार कळत नाही, पण शिकायची पूर्ण तयारी आहे.

हिने दोन पूर पाहिलेत. एक ३१ जुलै २०१९चा, जेव्हा एका दिवसात वीसेक इंच पाऊस कोसळला होता. दुसरा ऑगस्ट २०२४चा, विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५च्याही वर गेली होती तेव्हाचा. दारांच्या आतल्या बाजूला सुकलेल्या गाळाची रेघ आहे, सीटच्या बैठकीच्या जरा खाली. चारी टायर चपटे. हँडब्रेक २००६ पासून ओढलेलाच आहे. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापसाचं घरटं केलं होतं, ते मी काढलं.

एका गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. तो बॅटरी घेऊन आला आणि म्हणाला, “जोडून सेल्फ मारून बघतो, लागली तर लागली.” नाना खुर्चीतून ओरडले, “हात लावायचा नाही!” तो रागावून निघून गेला. कोणाचं बरोबर?

पाना_तेरा

नानांचं. शंभर टक्के.

ताई, एकोणीस वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल कधीच उतरून गेलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या तिथे गंजाची बारीक कडा धरते. सेल्फची ताकद मोठी असते, तो इंजिन ओढून फिरवतो आणि ती कडा रिंगेसकट भिंतीवर रेघोट्या ओढत जाते. वर तुमच्याकडे पुराचं पाणी. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत, पाणी असलं तर ऑइल पंप आधी तेच ओढणार आणि बेअरिंगांना देणार. दोन मिनिटांत क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, खराब. जे इंजिन चार-पाच हजारांत उठलं असतं ते पूर्ण बांधायला जातं.

चारी स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून अर्धं डिझेल आणि अर्धं इंजिन ऑइल असं मिश्रण दोन-दोन चमचे आत सोडा. आठवडाभर तसंच राहू द्या, रोज संध्याकाळी थोडं आणखी. प्लगच्या वायरींवर आधी चिकटपट्टी लावून नंबर टाका, हे विसरू नका. मग पुढच्या क्रँक पुलीच्या नटाला मोठा पाना लावून हाताने, हलक्या जोराने, पुढे-मागे करून बघा. नाही हलली तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा. पाईप लावून झटका द्यायचा मोह होतो, तो आवरायचा.

जुनी_फियाट

वरच्यात भर. टॅपेट कव्हर (इंजिनावरचं झाकण) उघडून ठेवा. पुली फिरवताना व्हॉल्व्ह दाबणारे आठही रॉकर खाली-वर होतात का ते डोळ्यांनी बघा. गंजून अडकलेला एखादा व्हॉल्व्ह असतोच, आणि तो तसाच रेटला की पुशरॉड वाकतो.

गाळाची रेघ सीटच्या खाली आहे म्हणजे चेंबर, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (मागच्या चाकांमधला गिअरांचा डबा), सेल्फ आणि चारी चाकांचे बेअरिंग पाण्यात होते. सायलेन्सरही. ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात वर्षानुवर्षं दमट हवा जात राहिली असणार, तोच सगळ्यात जास्त धरलेला निघेल.

गाडी मात्र साधी आहे. १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ स्ट्रोक, ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. संगणक नाही, सेन्सर नाही. यातलं सगळं हातापायांनी समजून घेता येतं.

बडोदेकरीण

रविवारी चेंबर रिकामं केलं. मला वाटलं होतं काळं तेल येईल. नट पूर्ण निघायच्या आधीच पाणी ठिबकायला लागलं. गंजाच्या रंगाचं, वास विहिरीच्या तळासारखा. पाणी जड म्हणून तळाला बसलेलं, तेच आधी आलं. स्टीलचा एक तांब्या भरला आणि दुसरा अर्धा झाला तेव्हा कुठे काळं, घट्ट तेल सुरू झालं. नानांनी खुर्ची जवळ ओढून घेतली होती. तो तांब्या त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला.

डिफरन्शियलमधून निघालं ते ताकासारखं, पांढुरकं. गिअरबॉक्समधून जेमतेम वाटीभर. त्या गॅरेजवाल्याने सेल्फ मारला असता तर काय झालं असतं ते आता कळलं. मनापासून आभार.

सिलिंडरमध्ये मिश्रण सोडलंय. तिसऱ्यात सोडलेलं खाली उतरतच नाही, वर साठून राहतं.

इंदूरचा_वाचक

आमच्या वडिलांची अँबेसेडर अशीच गेली, इथे रामबागेत. कोणी काही सांगितलं नाही, आम्ही ढकलून गिअरमध्ये टाकली आणि आतून आवाज आला. हा धागा वाचतोय, लिहीत राहा.

बडोदेकरीण

नऊ दिवसांनी पुली हलली! नखभर. मग पुढे-मागे, पुढे-मागे, आणि अर्ध्या तासात पूर्ण फेरा. आठपैकी सात रॉकर चालतात. तिसऱ्या सिलिंडरचा एक अडला होता, त्याच्या दांड्यावर तेल सोडून, प्लास्टिकच्या हातोडीने हळूहळू ठोकून सुटला.

दांडिया बाजारात नानांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, सत्तरीच्या पुढचे. उमेदीचा सगळा काळ फियाटींच्या खाली काढलेला माणूस. ते काल येऊन गेले. बॉनेट उघडलंच नाही त्यांनी. मागच्या डाव्या चाकापाशी बसले, ड्रमला हात लावला आणि म्हणाले, “बेन, पहेलां ब्रेक, पछी एन्जिन. ऊभी ना रहे एवी गाडी चालु करीने शुं करशो?” म्हणजे आधी ब्रेक, मग इंजिन; थांबतच नाही अशी गाडी चालू करून काय कराल?

घरात यावरून दोन पक्ष पडलेत. मुलगा म्हणतो इंजिन लागतंय का ते आधी बघू, नाहीतर ब्रेकवरचा खर्च वाया. इथे काय मत?

पाना_तेरा

माझं मत मुलासारखं. इंजिन जिवंत आहे हे कळल्याशिवाय पैसे कशाला घालायचे? चाकांना विटा लावून जागेवर चालू करून बघता येतं.

जुनी_फियाट

पाना_तेरा, तुमच्याशी सहसा मतभेद होत नाही, इथे होतोय. इंजिन लागलं की माणूस थांबत नाही, हे मी चार घरांत बघितलंय. सगळे टाळ्या वाजवतात, कोणीतरी म्हणतं फाटकापर्यंत नेऊन आणू, आणि पाय दाबल्यावर पेडल जमिनीला टेकतं. हिच्या चारी चाकांना ड्रम, ओढून धरणारं दुसरं काही नाही. घरात ८४ वर्षांचे गृहस्थ आहेत ज्यांना तिच्यात बसायची ओढ आहे. इंजिन लागलं त्या दिवशी त्यांना तुम्ही अडवणार आहात का?

खर्चाचं म्हणाल तर ब्रेक कुठे वाया जातात? गाडी तशीच कोणाला दिली तरी सरकवायला लागणारच. मिस्त्रींचं ऐका.

पाना_तेरा

हे पटलं. नानांचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. आधी ब्रेक.

बडोदेकरीण

आधी ब्रेक ठरलं. हे जरा सविस्तर लिहिते, कारण पुढे कोणाला तरी उपयोग होईल.

मागचं डावं चाक निघालं, ड्रम निघेना. आत शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे पट्टे, गंजून ड्रमला चिकटले होते, हँडब्रेक ओढलेला ठेवल्याचा परिणाम. मिस्त्रींनी हँडब्रेकची केबल खालून मोकळी केली, ड्रमच्या कडेने डिझेल सोडलं आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून गोल फिरत ठोकत राहिले. एका जागी तीनच ठोके, मग बोटभर पुढे. चाळीस मिनिटं. निघाला तेव्हा आतून गाळाची सुकलेली पापडी अख्खी खाली पडली, ड्रमच्या गोल आकाराची, बोटाएवढी जाड. त्यात एक छोटा शिंपला होता. तो नानांच्या टेबलावर ठेवलाय.

व्हील सिलिंडरचे पिस्टन चारी चाकांत धरलेले. रबरी कप काढले तर हातात भुगा. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चारी चाकांकडे तेल ढकलणारा) आतून खड्डे पडलेला, म्हणजे नवे कप घातले तरी गळणारच. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि तो आतून खातो, हे मला मिस्त्रींनी सिलिंडर उन्हात धरून दाखवलं. खड्डे सुईच्या टोकाएवढे, पण एका ओळीत.

नवा मास्टर सिलिंडर मिळेना. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एका लेथवाल्याने जुना बोअर करून आत पितळेचा स्लीव्ह बसवून दिला आणि नेमक्या मापाला होन केला, म्हणजे आतून घासून गुळगुळीत केला. दोन व्हील सिलिंडरही तसेच. काम इतकं सुरेख की मी बोट आत फिरवून बघत राहिले.

चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या बाहेरून ठीक दिसत होत्या. एक कापून बघितली तर आतून सुजून भोक टाचणीएवढं राहिलेलं. अशी नळी असली तर पाय दाबल्यावर ब्रेक लागतो, पाय काढला तरी सुटत नाही.

कोयलीवाला

ताई, एक कळकळीची सूचना. ब्रेकच्या रबराला जोडणी करताना इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस चुकूनही लावू नका. खनिज तेलाने ते रबर फुगतं आणि महिन्याभरात सगळं पुन्हा उघडावं लागतं. ब्रेकचं ताजं तेल लावूनच बसवा, किंवा त्यासाठीचं लाल रबर ग्रीस.

कोयलीच्या रिफायनरीत माझी नोकरी झाली म्हणून पेट्रोलबद्दलही सांगतो. टाकीत २००६चं काही शिल्लक असेल तर ते आता पेट्रोल नाही. हलका भाग उडून गेला, राहिला तो व्हार्निशसारखा चिकट अंश. वासावरूनच कळेल. ते काढून टाकी उतरवून आतून धुवा. पहिल्या वेळी इंजिन चालवाल ते टाकीवर नकोच, वेगळ्या स्वच्छ डब्यातून ताजं पेट्रोल पंपाला द्या.

दुसरं, आजच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. तुमच्या गाडीच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची वॉशरं ज्या काळची आहेत तेव्हा हे गृहीतच नव्हतं. इथेनॉलने जुनं रबर मऊ पडतं, भेगाळतं, आणि गरम मॅनिफोल्डवर पेट्रोल ठिबकायला लागतं. गाडी पेटण्याचं हे मोठं कारण. सगळी नळी नवी घ्या, एफकेएम (इथेनॉलला टिकणारं रबर) अस्तराची, जे३०आर९ छाप असलेली. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर टाकीत थोडंसं पेट्रोल पडून राहू देऊ नका.

पंपाचा पडदा फाटका असेल तर पेट्रोल इंजिनच्या चेंबरमध्ये उतरतं. ऑइलच्या दांडीचा वास घ्यायची सवय लावा. पेट्रोलचा वास आला तर लगेच बंद.

बडोदेकरीण

हे नानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, कोयलीच्या माणसाला सांग, दांडीचा वास मी रोज घेत होतो.

सगळी नळी बदलली, पंपाचा पडदा बदलला. कार्ब्युरेटर उघडला तर फ्लोटची सुई चिकटलेली आणि जेटमध्ये पांढरी पूड. तार घालायची नाही, हवेनेच साफ करायचं, असं मिस्त्रींनी बजावलं. तारेने भोक मोठं होतं.

फॉर्म_पंचवीस

तांत्रिक भाग उत्तम चाललाय, कागदांचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

१९७९ची गाडी ‘व्हिंटेज’ नाही. २०२१ साली आलेल्या केंद्राच्या नियमात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडीच त्यात धरतात. त्यात नवीन नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत, आणि रोजच्या वापराला बंदी. तुम्हाला तो रस्ता अजून उघडाच नाही, आणि नानांना फेरी मारायची असेल तर तो नकोच.

तुमचा रस्ता साध्या नूतनीकरणाचा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षं चालते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५ भरून, गाडी तपासणीला दाखवून. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीची फी १०,००० रुपये झाली आहे. मुदत कधी संपली ते आरसी पुस्तकात बघा, उशिराचा दंड महिन्यागणिक साचतो. चेसिस नंबरची पट्टी पुरात गंजली असेल तर हलक्या हाताने साफ करा, पॉलिश पेपरने घासू नका. अंक पुसट झाले तर तपासणीत अडकाल. आणि नोंदणी व विमा होईपर्यंत रस्त्यावर एक फूटही नेऊ नका. आरटीओला नेताना टोइंगवर.

ग्वाल्हेरची_मावशी

सुनेने सासऱ्यांची गाडी उठवायला घेतलीय, वाचून फार बरं वाटलं गं. एकच सांगते, विझवायचं नळकांडं आणि वाळूची बादली शेजारी ठेव. आमच्याकडे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शेजाऱ्यांची जीप पहिल्याच दिवशी वायरिंगने पेटली होती.

जुनी_फियाट

मावशींचं बरोबर. वायरिंगसाठी एक जुनी युक्ती. बॅटरी थेट जोडू नका. बॅटरी आणि गाडी यांच्यामध्ये हेडलाइटचा १२ व्होल्टचा बल्ब जोडा. सगळी बटणं बंद असताना बल्ब पेटला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकलीय. बल्ब वीज अडवून धरतो म्हणून आग लागत नाही. एकेक फ्यूज काढत जा, ज्याला बल्ब विझेल त्या फांदीत दोष.

बडोदेकरीण

बल्ब लख्ख पेटला! तिसऱ्या फ्यूजला विझला. मागच्या दिव्यांची वायर डिकीच्या कडेला उंदरांनी सोललेली होती. मावशी, वाळूची बादली ठेवली आहे.

बडोदेकरीण

आज सकाळी लागली.

नवं २०डब्ल्यू-५० तेल, नवा फिल्टर. प्लग काढलेलेच ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारला. भोकांवर कापड धरलं होतं तरी डिझेल-तेलाचा फवारा भिंतीपर्यंत गेला. पाचव्या वेळी ऑइलचा लाल दिवा विझला. ठिणगीचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ केले होते, कंडेन्सर नवा.

प्लग लावले, सेल्फ मारला. कार्ब्युरेटरमधून फटाक्यासारखा आवाज आणि धुराचा लोट. पुन्हा तेच. नाना म्हणाले, “वायरी बघ. एक-तीन-चार-दोन.” माझी चिकटपट्टी तेलाने सुटून पडली होती आणि मी तीन-चारच्या वायरी उलट बसवल्या होत्या. अदलाबदल केली. पुढच्या सेल्फला दोन वेळा खोकली आणि लागली. आधी तीन सिलिंडरवर, भरपूर निळा धूर, मग मिनिटभरात उरलेलाही सुरू झाला. तो तिसऱ्या नंबरचाच असणार.

शेजारीपाजारी गच्चीवर आले होते. अगदी जुनी_फियाट म्हणाले तसंच झालं, कोणीतरी ओरडलं, “काढा बाहेर!” फाटक मी आधीच कुलूप लावून ठेवलं होतं. पण आवारातली वीस फूट जागा आमचीच. नानांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, मी शेजारी, हात हँडब्रेकवर. त्यांनी स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी न बघता पहिल्यात टाकली. क्लच सोडला. दहा फूट गेली. आणि त्यांनी पाय दाबला.

थांबली. सरळ, एका जागी, न ओढता.

त्यांनी मागे घेतली आणि पुन्हा तेच केलं. सहा वेळा. दर वेळी ब्रेक दाबताना मिस्त्रींकडे बघत होते. मिस्त्री पुढच्या चाकापाशी उकिडवे बसून ड्रमला हात लावून बघत होते, तापतो का म्हणून.

कोयलीवाला

वाचून डोळे भरून आले. नानांना नमस्कार. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ठेवू नका, हेड अॅल्युमिनियमचं आहे, कूलंट घाला. आणि हे पहिलं तेल ५० किलोमीटरच्या आतच बदला, आतला सगळा मळ त्यात उतरला असेल.

बडोदेकरीण

घालते. तेल तर दोनच दिवसांत बदलणार आहे, दांडीवर आत्ताच काळं दिसतंय.

राहिलेली कामं: टायर. आत्ता उधार घेतलेले आहेत, ५.२०-१४ मापाचे नवे शोधतेय. डायनॅमो चार्ज करत नाही, ब्रश बदलून बघू. आणि मागच्या डाव्या दिव्याची लाल काच फुटलीय, ती तपासणीला लागेल. इथे कुठेच मिळाली नाही. मुंबईतल्या कोणाला माहीत असेल तर सांगा.

पाना_तेरा

कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघावं लागेल. पद्मिनी कुर्ल्यातच बनायची, त्यामुळे तिथल्या जुन्या दुकानदारांकडे अजून पेट्या आहेत. पण घाई करा. शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ला संपली, तेव्हापासून टॅक्सीवाल्यांचं गिऱ्हाईक गेलं आणि माल भंगारात जातोय. मी शनिवारी तिकडे जाणार आहे. काच डावी ना? दोन मिळाल्या तर दोन्ही घेतो.

बडोदेकरीण

हो, डावी. दोन्ही घ्या. नाना विचारतायत, डिकीच्या कुलपाची किल्ली मिळते का तेही बघाल का?